सम्राटांची पहिल्याच पायरीवरची ठेच

टेनिसमधला सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हा वाद रंगला की तो फिरून एकाच आकड्यापाशी येऊन थांबतो. रॉय इमर्सनचा १२ ग्रॅण्ड स्लॅम अजिंक्यपदांचा विक्रम पीट सॅम्प्रासने २००० मध्ये मोडला. सॅम्प्रासची १४ अजिंक्यपदे रॉजर फेडररने २००९ मध्ये मागे टाकली. फेडररच्या २० वर राफेल नदालने २०२२ मध्ये मात केली आणि नोव्हाक जोकोविचने २०२३ मध्ये २४ चा आकडा गाठून नदालच्या २२ अजिंक्यपदांनाही मागे सारले. महिलांमध्ये मार्गारेट कोर्ट २४, सेरेना विल्यम्स २३ आणि स्टेफी ग्राफ २२ अशी उतरंड लावली जाते. हिशेब सुटसुटीत आहे. पण त्यात केवळ जमेची बाजू मांडलेली असते. खर्चाच्या बाजूकडे क्वचितच कोणी पाहते.

या खर्चाच्या बाजूला पहिल्या-दुसऱ्या फेरीतले पराभव आहेत. १२८ खेळाडूंच्या स्पर्धेत अजिंक्यपदासाठी सात सामने जिंकावे लागतात. अंतिम फेरीत हरणारा बहुधा तोलामोलाच्या प्रतिस्पर्ध्याकडून हरतो आणि त्याच्या पराभवाचीही कौतुकाने आठवण काढली जाते. पहिल्याच फेरीत गारद होणारा विजेता मात्र अशा कोणाकडून तरी हरतो, ज्याचे नाव प्रेक्षकांना कार्यक्रमपत्रिकेत शोधावे लागते. त्याच्या खेळातील कच्चा दुवा अशाच दिवशी उघडा पडतो. मात्र या पराभवांवरून दोन काळांतील विजेत्यांची तुलना करायची, तर एक पथ्य पाळायला हवे. त्या त्या काळाचे नियम आधी तपासायला हवेत. कारण टेनिसच्या इतिहासात गतविजेत्याने लवकर हरणे एके काळी अशक्यच होते, पुढे ते सहज शक्य झाले आणि २००१ नंतर पुन्हा अवघड झाले.

एकच सामना, की अजिंक्यपद

विल्यम रेनशॉने १८८१ ते १८८६ अशी सलग सहा वर्षे विम्बल्डन जिंकले आणि १८८९ मध्ये सातव्यांदा त्यावर नाव कोरले. सॅम्प्रासने सातवे अजिंक्यपद मिळवले तेव्हा याच रेनशॉशी बरोबरी झाल्याच्या बातम्या झळकल्या होत्या. त्या बरोबरीत एक मोठी गफलत आहे. त्या काळी 'चॅलेंज राऊंड'ची पद्धत होती. गतविजेता स्पर्धाभर आरामात बसून राही; बाकीचे सारे आपसात झुंजत आणि त्यातून वर आलेल्या एकट्याशी त्याला लढावे लागे. म्हणजे १८८२ ते १८८६ या पाच वर्षांत रेनशॉला अजिंक्यपद राखण्यासाठी दर वर्षी एकच सामना खेळावा लागला. अमेरिकेत रिचर्ड सीअर्सने १८८१ ते १८८७ अशी सलग सात अजिंक्यपदे मिळवली, त्यातही या सवलतीचा वाटा होता. पहिल्या फेरीत हरण्याची सोयच या मंडळींना नव्हती! अमेरिकेने ही पद्धत १९१२ मध्ये आणि विम्बल्डनने १९२२ मध्ये मोडीत काढली. गतविजेत्यालाही इतरांच्या रांगेत उभे करणारे खरे टेनिस तेथून सुरू झाले.

दुसरी भिंत होती हौशी आणि व्यावसायिक खेळाडूंमधली. १९६८ पर्यंत ग्रॅण्ड स्लॅम स्पर्धांची दारे व्यावसायिकांना बंद होती. एखादा खेळाडू विजेता झाला, की त्याच्यापुढे पैशाच्या थैल्या रित्या केल्या जात आणि तो या स्पर्धांमधून दिसेनासा होई. पांचो गोन्झालेस १९४८ आणि १९४९ मध्ये अमेरिकन विजेता ठरला, व्यावसायिक झाला आणि पुढची अठरा वर्षे ग्रॅण्ड स्लॅमबाहेर राहिला. या वर्षांत तो गावोगावच्या दौऱ्यांवर त्याच त्या प्रतिस्पर्ध्यांशी रात्रीमागून रात्री खेळत असे. अनोळखी खेळाडूशी पहिल्या फेरीत गाठ पडणे हा प्रकारच त्याच्या वाट्याला फारसा येत नसे. एप्रिल १९६८ मध्ये इंग्लंडमधील बोर्नमथ येथे पहिली खुली स्पर्धा झाली, तेव्हा याचे प्रत्यंतर आले. ब्रिटनच्या मार्क कॉक्स या हौशी खेळाडूने ३९ वर्षांच्या गोन्झालेसला पाच सेटमध्ये हरवले आणि पाठोपाठ नुकत्याच व्यावसायिक झालेल्या इमर्सनलाही घरी धाडले. व्यावसायिक म्हणजे अजेय, ही समजूत दोन दिवसांत विरली. अर्थात ती स्पर्धा अखेर केन रोझवॉलनेच जिंकली आणि अंतिम फेरीत त्याने रॉड लेव्हरला हरवले, हेही विसरता कामा नये.

लेव्हरच्या ११ अजिंक्यपदांचे मोल करताना हा सारा हिशेब ध्यानात घ्यावा लागतो. त्यातली सहा त्याने हौशी असताना, म्हणजे त्या वेळचे उत्तमोत्तम व्यावसायिक खेळाडू मैदानात नसताना मिळवली. उलट १९६३ ते १९६७ ही उमेदीची पाच वर्षे त्याला एकही ग्रॅण्ड स्लॅम स्पर्धा खेळता आली नाही. त्या वर्षांत त्याने किती अजिंक्यपदे मिळवली असती आणि किती वेळा पहिल्या फेरीत तो अडखळला असता, याचा अंदाज बांधणे म्हणजे हवेत इमले बांधणे होय.

१९६२ : एक गुण आणि एक सामना

एका सामन्याने इतिहास कसा वळतो, हे पाहायचे तर १९६२ हे वर्ष नमुनेदार आहे. त्या वर्षी लेव्हरने चारही ग्रॅण्ड स्लॅम स्पर्धा जिंकल्या. पॅरिसमध्ये उपान्त्यपूर्व फेरीत मात्र त्याचाच देशबांधव मार्टिन मलिगन विजयापासून अवघा एक गुण दूर होता. तो मॅच पॉइंट लेव्हरने वाचवला. पुढे विम्बल्डनच्या अंतिम फेरीत त्याने याच मलिगनला सहज हरवले.

त्याच वर्षी मार्गारेट स्मिथ, म्हणजे पुढची मार्गारेट कोर्ट, हिनेही ऑस्ट्रेलियन, फ्रेंच आणि अमेरिकन अशा तिन्ही स्पर्धा जिंकल्या. राहिले ते विम्बल्डन. तेथे तिला अग्रमानांकन होते. पहिल्याच सामन्यात तिची गाठ पडली अठरा वर्षांच्या, चष्मा लावणाऱ्या बिली जीन मॉफिट या कॅलिफोर्नियाच्या मुलीशी. स्मिथने पहिला सेट ६-१ असा घेतला. पुढचे दोन ३-६, ५-७ असे गमावले. अग्रमानांकित महिला विम्बल्डनमध्ये पहिल्याच सामन्यात हरण्याची ही पहिलीच वेळ होती. ही मॉफिट म्हणजेच पुढची बिली जीन किंग. एकाच वर्षात चारही अजिंक्यपदे मिळवण्यासाठी कोर्टला आणखी आठ वर्षे, १९७० पर्यंत थांबावे लागले. लेव्हरचे नाव इतिहासात दोनदा, कोर्टचे एकदा. मध्ये अंतर आहे ते एक वाचवलेला गुण आणि एक गमावलेला सामना यांचे.

न हरण्याची कला

काही विजेत्यांची थोरवी त्यांनी काय जिंकले यापेक्षा कोठे हरले नाहीत, यात अधिक दिसते. ब्यॉन बोर्गने १९७६ ते १९८० अशी सलग पाच वर्षे विम्बल्डन जिंकले आणि ओळीने ४१ सामने तो तेथे हरला नाही. नुसता आकडा पाहिला, तर ही वाटचाल राजमार्गाची वाटते. प्रत्यक्षात सुरुवातीच्या फेऱ्यांत बोर्गचा पाय वारंवार घसरत असे. हिरवळ पहिल्या आठवड्यात ओली आणि निसरडी असते, चेंडू खाली राहतो आणि लाल मातीवर आठवड्यामागून आठवडे घालवून आलेल्या बोर्गला ताल सापडायला वेळ लागे. १९७७ मध्ये दुसऱ्या फेरीत मार्क एडमंडसनविरुद्ध तो दोन सेटने मागे पडला होता. १९७८ मध्ये पहिल्याच फेरीत धिप्पाड व्हिक्टर अमायाने त्याला पाच सेटपर्यंत खेचले.

१९७९ मधील दुसऱ्या फेरीची लढत भारतीय रसिकांच्या विशेष जिव्हाळ्याची. विजय अमृतराजने बोर्गविरुद्ध दोन सेट विरुद्ध एक अशी आघाडी घेतली आणि चौथ्या सेटमध्येही तो पुढे होता. चौथा सेट टायब्रेकरवर गेला, तो बोर्गने खेचला आणि अखेर २-६, ६-४, ४-६, ७-६, ६-२ असा सामना जिंकला. अमृतराजचे फटके त्या दिवशी अधिक देखणे होते; पण शेवटचा चेंडू परत करण्याची बोर्गची चिकाटी भारी पडली. हे तीनपैकी एक पान जरी उलटे पडले असते, तरी बोर्गचे सलग पाच अजिंक्यपदांचे वलय उरले नसते. लाल मातीवर तर त्याला असे निसटावेही लागले नाही. फ्रेंच स्पर्धेत तो आयुष्यात केवळ दोन सामने हरला आणि दोन्ही इटलीच्या आद्रियानो पनाटाकडून, १९७३ आणि १९७६ मध्ये.

या बाबतीत सर्वांवर कडी केली ती ख्रिस एव्हर्टने. १९७१ ची अमेरिकन स्पर्धा ते १९८३ ची फ्रेंच स्पर्धा या काळात ती ३४ ग्रॅण्ड स्लॅम स्पर्धा खेळली आणि प्रत्येक वेळी किमान उपान्त्य फेरीत पोहोचली. ही मालिका खंडित झाली १९८३ च्या विम्बल्डनमध्ये. तिसऱ्या फेरीत कॅथी जॉर्डनने तिला ६-१, ७-६ असे हरवले. संपूर्ण कारकीर्दीत ५६ पैकी ५२ स्पर्धांत उपान्त्य फेरी, आणि तिसऱ्या फेरीपूर्वी पराभव एकदाही नाही! त्या काळी महिला टेनिसमध्ये सुरुवातीच्या फेऱ्या तुलनेने सोप्या असत, हा आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्यही आहे. पण सोपा सामना रोज जिंकणे हे सोपे नसते. तिच्याच काळातील इतर मातब्बरांना ते जमले नाही. शिवाय एव्हर्टने १९७६ ते १९७८ या तीन वर्षांत फ्रेंच स्पर्धेकडे पाठ फिरवली होती, तीही लाल मातीवर ती जवळजवळ अजिंक्य असताना. तिची १८ अजिंक्यपदे आजच्या २३-२४ शेजारी मांडताना ही रिकामी वर्षे कोणी मोजत नाही.

८६ विजय, एक पराभव

एव्हर्टची प्रतिस्पर्धी मार्टिना नवरातिलोवा १९८३ मध्ये एकूण ८७ सामने खेळली. त्यातले ८६ तिने जिंकले. हरलेला एकमेव सामना फ्रेंच स्पर्धेच्या चौथ्या फेरीतला. प्रतिस्पर्धी होती १७ वर्षांची अमेरिकन कॅथी होर्वाथ, गुणफलक ४-६, ६-०, ३-६. मधला सेट ६-० असा जिंकूनही नवरातिलोवाला सामना राखता आला नाही, यातच लाल मातीवरचा तिचा अस्वस्थपणा दिसतो. नेटकडे धाव घेणाऱ्या तिच्या खेळाला ही माती थोडी उसंत घ्यायला लावत असे.

या एका पराभवाची किंमत किती, हे वर्ष संपल्यावर कळले. नवरातिलोवाने त्या वर्षीचे विम्बल्डन जिंकले, अमेरिकन स्पर्धा जिंकली आणि तेव्हा डिसेंबरमध्ये होणारी ऑस्ट्रेलियन स्पर्धाही जिंकली. १९८४ मध्ये फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन स्पर्धाही तिच्याच. म्हणजे सलग सहा ग्रॅण्ड स्लॅम अजिंक्यपदे. पण एकाच वर्षात चारही जिंकण्याचा मान तिला कधीच मिळाला नाही. १९८४ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत उपान्त्य फेरीत हेलेना सुकोव्हाने तिचा मार्ग रोखला. होर्वाथला ग्रॅण्ड स्लॅम अजिंक्यपद मिळाले नाही. पण टेनिसच्या इतिहासातील एक मोठा मान तिने हिरावून घेतला, असे म्हणणे अतिशयोक्त ठरणार नाही.

पुरुषांमध्ये असेच वर्ष जॉन मॅकेन्रोचे. १९८४ मध्ये त्याने ८२ सामने जिंकले आणि तीन गमावले. एक फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम फेरीत इव्हान लेंडलकडून, एक डेव्हिस चषकाच्या अंतिम लढतीत स्वीडनच्या हेन्रिक सुंडस्ट्रॉमकडून. तिसरा पराभव सिनसिनाटी येथील स्पर्धेत पहिल्याच फेरीतला आणि हरवणारा होता विजय अमृतराज. पाच वर्षांपूर्वी बोर्गविरुद्ध हातातोंडाशी आलेला घास निसटलेल्या या खेळाडूने तिशी उलटल्यावर मॅकेन्रोच्या सर्वोत्तम वर्षावर हा डाग लावला.

भारतीयांचा हा वारसा पुढेही चालला. १९८८ मध्ये चारपैकी तीन ग्रॅण्ड स्लॅम जिंकून मॅट्स विलँडर जागतिक क्रमवारीत पहिला आला. १९८९ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत तो गतविजेता म्हणून उतरला आणि दुसऱ्या फेरीत रमेश कृष्णनने त्याला ६-३, ६-२, ७-६ असे सरळ सेटमध्ये हरवले. रमेशची सर्व्हिस जोरदार कधीच नव्हती. पण चेंडूला हळुवार दिशा देण्याच्या त्याच्या शैलीने त्या दिवशी विलँडरचा दम काढला. विलँडरने त्यानंतर एकही ग्रॅण्ड स्लॅम जिंकले नाही. १९९८ मध्ये न्यू हेवन येथे लिअँडर पेसने सॅम्प्रासला ६-३, ६-४ असे हरवले, तो विजयही याच पंक्तीतला. मात्र ती स्पर्धा ग्रॅण्ड स्लॅम नव्हती.

सोळा मानांकनांचा काळ

विम्बल्डनमध्ये २००० पर्यंत एकेरीत १६ मानांकने दिली जात. याचा अर्थ असा, की क्रमवारीतला सतरावा किंवा विसावा खेळाडूही पहिल्याच फेरीत विजेत्याच्या वाट्याला येऊ शकत असे. त्याचा फटका बसला स्टेफी ग्राफला. १९९१ ते १९९३ अशी सलग तीन वर्षे विम्बल्डन जिंकलेली ग्राफ १९९४ मध्ये पहिल्या फेरीत अमेरिकेच्या लॉरी मॅकनीलकडून ५-७, ६-७ अशी हरली. विम्बल्डनची गतविजेती पहिल्या फेरीत हरण्याची ती पहिली घटना. सनसनाटी खरीच, पण मॅकनील ही कोणी नवखी नव्हती. ती तेव्हा क्रमवारीत २२ वी होती आणि हिरवळीवर नेटजवळचा तिचा खेळ खास होता. पुढे तिने उपान्त्य फेरी गाठली आणि अंतिम विजेत्या कोंचिता मार्टिनेझला तिसऱ्या सेटमध्ये १०-८ पर्यंत झुंजवले. ३२ मानांकने असती, तर या दोघींची गाठ तिसऱ्या फेरीआधी पडलीच नसती.

सगळ्याच पराभवांना ही सबब पुरत नाही. १९८५ आणि १९८६ मध्ये विम्बल्डन जिंकून जर्मनीचा लाडका झालेला बोरिस बेकर १९८७ मध्ये दुसऱ्या फेरीत क्रमवारीत सत्तराव्या असलेल्या ऑस्ट्रेलियाच्या पीटर डूहानकडून हरला. ७-६, ४-६, ६-२, ६-४ हा डूहानच्या बाजूचा गुणफलक. मी टेनिसचा सामना हरलो आहे, युद्ध नव्हे, कोणी मेलेले नाही, अशा आशयाचे उत्तर १९ वर्षांच्या बेकरने पत्रकारांना दिले. ते उत्तर त्याच्या विजयांइतकेच लक्षात राहिले. १९९० च्या फ्रेंच स्पर्धेत तर पहिले दोन्ही मानांकित, स्टीफन एडबर्ग आणि बेकर, पहिल्याच फेरीत बाद झाले. एडबर्गला सर्गी ब्रुगेराने, बेकरला गोरान इव्हानिसेविचने हरवले. एडबर्गने काही आठवड्यांत विम्बल्डन जिंकून भरपाई केली आणि अमेरिकन स्पर्धेत अग्रमानांकित म्हणून पुन्हा पहिल्याच फेरीत अलेक्झांडर व्होल्कोव्हकडून तो हरला. त्या वर्षीचा एडबर्ग थोर की सामान्य, याचे उत्तर कोणता महिना पाहायचा यावर अवलंबून आहे.

विम्बल्डनच्या जुन्या कोर्ट क्रमांक दोनला तर 'विजेत्यांची दफनभूमी' असेच नाव पडले होते. प्रेक्षक अगदी अंगावर बसलेले, शेजारच्या कोर्टांवरचे आवाज कानांवर येणारे; सेंटर कोर्टच्या शिस्तशीर शांततेला सरावलेल्या बड्या खेळाडूंचे चित्त तेथे थाऱ्यावर राहत नसे. १९७९ मध्ये मॅकेन्रो टिम गलिक्सनकडून, १९८३ मध्ये जिमी कॉनर्स केव्हिन करनकडून येथेच हरले. १९९६ मध्ये आंद्रे आगासीला क्रमवारीत २८१ व्या असलेल्या डग फ्लॅकने पहिल्या फेरीत येथेच गाठले. काही आठवड्यांनी याच आगासीने अटलांटा ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले, आणि तेथे उपान्त्य फेरीत त्याच्याकडून हरलेल्या लिअँडर पेसने कांस्यपदक मिळवले.

या कोर्टवरचा सर्वांत चटका लावणारा पराभव मात्र सॅम्प्रासचा. सात वेळचा विम्बल्डन विजेता २००२ मध्ये दुसऱ्या फेरीत स्वित्झर्लंडच्या जॉर्ज बास्टलसमोर उभा राहिला. बास्टल क्रमवारीत १४५ वा. तो पात्रता फेरीतच हरला होता. दुसऱ्या कोणी माघार घेतल्याने त्याला ऐनवेळी जागा मिळाली. पहिले दोन सेट त्याने ६-३, ६-२ असे घेतले. सॅम्प्रासने ६-४, ६-३ अशी बरोबरी साधली. बाजू बदलताना खुर्चीत बसून तो पत्नीने धीर देण्यासाठी लिहिलेले पत्र वाचत होता, हे दृश्य टीव्हीवर साऱ्या जगाने पाहिले. पाचवा सेट बास्टलने ६-४ असा जिंकला. विम्बल्डनवरचा सॅम्प्रासचा तो अखेरचा सामना. त्याला निवृत्तीचे सल्ले मिळू लागले. पण दोनच महिन्यांनी १७ वे मानांकन असताना त्याने अमेरिकन स्पर्धा जिंकली, अंतिम फेरीत आगासीला हरवले आणि त्यानंतर एकही सामना न खेळता तो थांबला.

नियम बदलला, शिखरे उंचावली

२००१ च्या विम्बल्डनपासून मानांकने ३२ झाली आणि इतर ग्रॅण्ड स्लॅम स्पर्धांनीही तीच वाट धरली. त्यामुळे बड्या खेळाडूंना पहिल्या दोन फेऱ्यांत कोणाही मानांकिताशी खेळावे लागत नाही. त्याच वर्षी विम्बल्डनच्या गवताचे मिश्रण बदलून संपूर्ण राय जातीचे गवत लावण्यात आले. ते अधिक टणक, त्यावर चेंडूची उसळी अधिक भरवशाची. मागच्या रेषेवरून खेळणाऱ्यांना हिरवळ पूर्वीइतकी परकी राहिली नाही. फेडरर, नदाल आणि जोकोविच यांच्या अजोड सातत्याला या दोन बदलांची पार्श्वभूमी आहे. त्यांचे श्रेय त्याने हिरावले जात नाही. पण २४ हा आकडा १४ शेजारी ठेवताना ती नोंदवायला हवी. सॅम्प्रासच्या पॅरिसमधल्या १३ प्रयत्नांत एकच उपान्त्य फेरी आहे. त्याच्या काळी हिरवळ आणि माती ही दोन वेगळी जगे होती.

फेडररचे पहिल्या फेरीतले पराभव एकूण सहा आणि ते सारे २००३ पूर्वीचे किंवा त्या वर्षातले. २००१ मध्ये सॅम्प्रासला हरवून त्याने जगाचे लक्ष वेधले. पुढच्याच वर्षी विम्बल्डनवर १८ वर्षांच्या मारियो अँचिचने त्याला सरळ सेटमध्ये घरी पाठवले. २००३ मध्ये पॅरिसला पेरूच्या लुईस होर्नाने तेच केले. गुणी, पण कच्च्या मनाचा, असा शिक्का त्याच्यावर बसत होता. महिनाभरात त्याने विम्बल्डन जिंकले. २००४ च्या विम्बल्डनपासून २०१३ च्या फ्रेंच स्पर्धेपर्यंत सलग ३६ वेळा तो उपान्त्यपूर्व फेरीत होता. ही नऊ वर्षांची मालिका मोडली क्रमवारीत ११६ व्या असलेल्या युक्रेनच्या सर्जी स्टाखोव्हस्कीने, २०१३ च्या विम्बल्डनच्या दुसऱ्या फेरीत. जुन्या पद्धतीने सर्व्हिसमागोमाग नेटकडे धावत त्याने गतविजेत्याला हरवले, ही त्यातली गंमत.

नदालची कहाणी आणखी निराळी. फ्रेंच स्पर्धेत त्याने ११६ सामन्यांत ११२ विजय मिळवले. २००९ मध्ये रॉबिन सॉडरलिंगने त्याला तेथे चौथ्या फेरीत प्रथमच हरवले आणि त्या वर्षी फेडररला कारकीर्दीतले एकमेव फ्रेंच अजिंक्यपद मिळाले. एकाची ठेच दुसऱ्याच्या पथ्यावर पडते, ती अशी. पण हाच नदाल २०१२ ते २०१५ या चार वर्षांत विम्बल्डनवर लुकास रोसोल, स्टीव्ह डार्सिस, निक किर्गिओस आणि डस्टिन ब्राऊन यांच्याकडून हरला. चौघांची क्रमवारी अनुक्रमे १००, १३५, १४४ आणि १०२. त्यातल्या पहिल्या तिन्ही वर्षी तो काही दिवसांपूर्वीच पॅरिस जिंकून आला होता. थकलेले गुडघे, खाली राहणारा चेंडू आणि पॅरिस-लंडनमधले दोनच आठवड्यांचे अंतर (२०१५ पासून ते तीन आठवडे झाले) अशी कारणे होती. तरीही याच विम्बल्डनवर दोनदा जिंकलेल्या खेळाडूच्या बाबतीत चार वर्षांची ही रांग नोंद घेण्याजोगी ठरते.

जोकोविच २०१६ मध्ये पॅरिस जिंकून चारही अजिंक्यपदे एकाच वेळी बाळगणारा लेव्हरनंतरचा पहिला पुरुष ठरला. लगेच विम्बल्डनच्या तिसऱ्या फेरीत त्याला सॅम क्वेरीने हरवले. क्वेरीला २८ वे मानांकन होते. म्हणजे नव्या नियमानुसार मानांकिताशी गाठ पडण्याची ही पहिलीच फेरी. २०१७ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत तर दुसऱ्याच फेरीत क्रमवारीत ११७ व्या डेनिस इस्तोमिनने त्याला पाच सेटमध्ये गारद केले. त्याचा काळ संपला, असे लिहिणाऱ्यांना पुढे आपलेच शब्द गिळावे लागले. २४ पैकी १२ अजिंक्यपदे त्याने त्यानंतर मिळवली.

सेरेना विल्यम्स २०१२ च्या फ्रेंच स्पर्धेपूर्वी ग्रॅण्ड स्लॅमची पहिली फेरी ४६ पैकी ४६ वेळा जिंकली होती. तेथे फ्रान्सच्या व्हर्जिनी रझानोविरुद्ध पहिला सेट जिंकून दुसऱ्याच्या टायब्रेकरमध्ये ती ५-१ अशी पुढे होती. तेथून ओळीने सहा गुण गेले, सेट गेला आणि तीन तासांच्या लढतीत आठव्या मॅच पॉइंटवर सामनाही गेला. रझानो क्रमवारीत १११ वी. वर्षभरापूर्वीच तिच्या भावी पतीचे निधन झाले होते. सेरेनाने या पराभवानंतर पॅट्रिक मुराटोग्लू यांच्याकडे सराव सुरू केला आणि त्याच उन्हाळ्यात विम्बल्डन, ऑलिंपिक सुवर्ण आणि अमेरिकन स्पर्धा जिंकली.

हे सारे एकत्र ठेवले, की पराभवांच्या तीन जाती दिसतात. फेडररचे अँचिच आणि होर्ना हे पिकण्याआधीचे पराभव. बास्टलकडून सॅम्प्रासचा पराभव उताराला लागल्यावरचा. श्रेष्ठत्वाच्या तुलनेत या दोन्हींना फारसे वजन देण्याचे कारण नाही. वजन द्यायचे ते ऐन भरातल्या पराभवांना : नवरातिलोवाचा होर्वाथकडून, बेकरचा डूहानकडून, नदालचा रोसोलकडून. या निकषावर एव्हर्टचा ताळेबंद आजही सर्वांत स्वच्छ ठरतो आणि तिला सर्वश्रेष्ठांच्या वादात चौथ्या-पाचव्या क्रमांकावर ढकलणारे केवळ अजिंक्यपदे मोजत असतात. कार्लोस अल्काराझही या नोंदवहीतून सुटलेला नाही. २०२४ मध्ये फ्रेंच आणि विम्बल्डन पाठोपाठ जिंकल्यावर अमेरिकन स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत तो नेदरलँड्सच्या बोटिक व्हॅन डे झांडशुल्पकडून सरळ सेटमध्ये हरला.

राहता राहिले ते हरवणारे. बास्टल पुढच्याच फेरीत डेव्हिड नालबंडियनकडून हरला. रोसोलही पुढच्या फेरीत फिलिप कोलश्रायबरकडून, स्टाखोव्हस्की युर्गन मेल्झरकडून, रझानो अरांता रुसकडून. डार्सिसचा तर नदालला हरवताना खांदा दुखावला आणि दुसरा सामना न खेळताच त्याने माघार घेतली. पीटर डूहानला ऑस्ट्रेलियात 'बेकर रेकर' हे टोपणनाव चिकटले. २०१७ मध्ये वयाच्या ५६ व्या वर्षी मज्जातंतूच्या असाध्य विकाराने त्याचे निधन झाले, तेव्हा त्याच्या निधनाच्या बातम्यांच्या मथळ्यांत बेकरचे नाव होते.